सरकारी इसब

"साबण," डॉक्टर सहदेव तांबे म्हणाले.

"आत्ताच लावलात की, साहेब," कंपाउंडर मुरारी म्हणाला.

"पुन्हा दे. त्या माणसाच्या अंगावर काय होतं ते पाहिलंस ना?"

मुरारीने पाहिले नव्हते, कारण पेशंट तपासला जात असताना तो विहिरीवर पाणी आणायला गेलेला असे. खडपवाडीच्या आरोग्य केंद्राला नळ होता, पण त्यातून पाणी येत नसे. त्यामुळे प्रत्येक पेशंट उठला की मुरारीने तांब्याने पाणी ओतायचे आणि डॉक्टरांनी लाल कार्बोलिक साबणाने कोपरापर्यंत हात घासायचे, अशी केंद्राची पद्धतच पडून गेली होती. डॉक्टरांचे वडील महाडला शाळामास्तर. रोज प्रार्थनेनंतर ते पोरांची नखे तपासत, आणि सगळ्यांत आधी स्वतःच्या पोराची. ते वळण सहदेवच्या अंगात असे काही मुरले की पेशंट दारातून नुसता "खाज सुटते" म्हणाला तरी डॉक्टरांचा हात साबणाकडे वळे.

त्या पावसाळ्यात मात्र डॉक्टरांच्या स्वतःच्याच बोटांच्या बेचक्यांत खाज सुटली होती. बेचक्यांत खाज म्हणजे खरूज, असे पुस्तकात होते आणि डॉक्टर पुस्तकाबाहेरचे नव्हते. ज्याने खरूज घालवायची त्यालाच खरूज झाली, ही बातमी आंबेनळी घाट चढून महाबळेश्वरला पोहोचायला एक एसटी पुरली असती. म्हणून त्यांनी कपाटातले खरजेचे पांढरे औषध हळूच खोलीवर नेले आणि संध्याकाळी दार लावून हातांना चोळले. आग आग झाली. आग होते म्हणजे लागू पडतंय, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली, आणि सकाळी हात आणखी जोरात घासले.

अशात जिल्ह्याहून निरोप आला. मुंबईच्या मेडिकल कॉलेजातले कातडीच्या रोगांचे मोठे डॉक्टर कोपरकर हे खेड्यापाड्यांतल्या सरकारी डॉक्टरांना इसब कसे ओळखावे आणि कसे आवरावे ते शिकवत कोकणात फिरत होते. रत्नागिरीकडचे काम उरकून ते कशेडी घाट उतरून येणार होते. महाड-पोलादपूरकडच्या केंद्रांच्या डॉक्टरांनी खडपवाडीत जमायचे होते. केंद्राने एवढेच करायचे होते की इसबाचा एक ठसठशीत पेशंट तयार ठेवायचा.

दुसरा कोणी असता तर त्याला जेवणाखाण्याची काळजी पडली असती. सहदेव तांब्यांचा जीव वेगळ्याच गोष्टीने वरखाली झाला. कोपरकर सर त्यांचे परीक्षक होते. शेवटच्या परीक्षेत सरांनी एक पेशंट पुढे केला होता आणि सहदेवने छाती फुगवून "इसब" असे उत्तर दिले होते. तो नायटा निघाला. सर सगळ्या वॉर्डासमोर म्हणाले होते, "तांबे, नायट्याला इसबाचं मलम लावून तुम्ही पेशंटवर नाही, नायट्यावर उपकार कराल." वॉर्ड हसला. नर्स हसल्या. नायटावालासुद्धा हसला. सहदेव पास झाला, पण ते हसणे त्याच्याबरोबर खडपवाडीला आले होते. डॉक्टरांना आता बढती नको होती की बदली नको होती. कोपरकर सरांच्या तोंडून एकदा, चारचौघांत, 'शाबास' ऐकायचे होते.

"इसबच पाहिजे ना?" मुरारी म्हणाला. "मग समोर जानकीबाई आहे की."

केंद्रासमोर, रस्त्याच्या फाट्यावर, जानकीबाईचे चहावड्याचे हॉटेल होते. महाबळेश्वरला जाणारी एसटी घाट चढण्याआधी तिथे दम घेई. जानकीबाई उकळत्या पाण्यात धुण्याचा सोडा टाकून दिवसभर ग्लास घाशी, आणि तिच्या दोन्ही हातांना गेली कित्येक वर्षे इसब होते. लाल, भेगाळलेले, कधी ओले तर कधी खपल्यांचे. त्यावर तिने अंगारा लावला होता, गंधक लावला होता, रॉकेल लावले होते, आणि अलीकडे केंद्रातले जांभळे औषध लावत होती. जांभळ्या हातांनी पुढे केलेला वडा पाहून एसटीतले लोक कसनुसे हसत आणि पलीकडे शेंगा घ्यायला जात. धंदा बसत चालला होता. तरीही जानकीबाईला आपल्या इसबाचा एक अभिमान होता. केंद्रात नवा डॉक्टर आला की ती आधीच सांगून ठेवी, "तुमच्यानं नाय व्हायचं."

डॉक्टर हॉटेलात गेले आणि बाकावर बसले.

"जानकीबाई, तुमचं इसब मला हवंय."

"घ्या की. कवापास्ना देते हाय, कोन घेतच नाय."

"तसं नाही. मुंबईचे मोठे डॉक्टर येतायत. त्यांना तुमचे हात दाखवायचेत. ते येईपर्यंत हातांना काही म्हणजे काही लावायचं नाही. अंगारा नाही, गंधक नाही, आमचं जांभळं औषधसुद्धा नाही. रोग मुळात जसा आहे तसा दिसला पाहिजे."

"मंग फुटंल त्ये. आग व्हईल."

डॉक्टरांनी विचार केला. पेशंट कळवळत राहिला तर ऐनवेळी येणार नाही. "साधं खोबरेल लावा. त्यानं काही बिघडत नाही. पण सोड्यात हात घालू नका आणि साबणही लावू नका. त्यानं रंग बदलतो."

"आनी गलास कोन घासनार?"

जानकीबाईने, डॉक्टरांनी आणि बरोबर आलेल्या मुरारीने धोंडूकडे पाहिले. धोंडू हा जानकीबाईचा नवरा. हॉटेलातले त्याचे काम म्हणजे हजर असणे. तो कोपऱ्यात बशीतून चहा पीत होता.

"मी?" धोंडू म्हणाला. "माज्या हातांना सवय नाय गो."

"लागंल," जानकीबाई म्हणाली.

त्या दिवसापासून जानकीबाईचे इसब सरकारजमा झाले. तिने जुन्या लुगड्याचे मऊ फडके हातांना गुंडाळले आणि गल्ल्याजवळ बसून राहिली. कोणी म्हणाले, जरा तो कोळसा सार, तर ती म्हणे, "हात लावता यायचा नाय बाबा. सरकारी काम हाय." रंगूबाई शेजारीण धुण्याला हाक मारायला आली तर तिलाही तेच उत्तर मिळाले. एसटीचा कंडक्टर रोज विचारू लागला, "काय, सरकारी इसब कसं आहे?" आणि जानकीबाई फडक्याखालून हळूच डोकावून सांगे, "हाय, हाय. जपलंय." डोळ्यांत तेल घालून जपणे म्हणतात तसे तिने ते जपले, फक्त तेल हातांवर घातले. मागे मोरीवर धोंडू ग्लास आपटत बसलेला असे.

ठरलेल्या दिवशी तालुक्याचे डॉक्टर छत्र्या झटकत खडपवाडीत जमले. कोपरकर सर आले नाहीत. कशेडीत दरड कोसळली होती आणि त्यांची जीप पलीकडे अडकली होती. जमलेल्या डॉक्टरांनी जानकीबाईचे वडे खाल्ले, पावसाला नावे ठेवली आणि ते परत गेले. नंतर निरोप आला की सर चिपळूणवरून घाट चढून कऱ्हाडमार्गे मुंबईला गेले आणि आता गणपती झाल्यावर येतील.

"तोवर सांभाळाल ना?" डॉक्टरांनी रस्त्यापलीकडून विचारले.

"तुमी निवांत ऱ्हावा," जानकीबाई म्हणाली.

डॉक्टर निवांत राहिले, पण त्यांचे हात राहिले नाहीत. पांढऱ्या औषधाने कातडी सोलली. ते पाहून त्यांनी औषध वाढवले. हात इतके चुरचुरू लागले की पेशंटची नाडी बघताना पेशंटच विचारी, "डाक्टर, तुमाला बरं नाय का?" तेव्हा ते तपासताना रबरी मोजे घालू लागले. मोजे घालण्याआधी आणि काढल्यावर हात धुणे हे ओघानेच आले. मुरारीच्या विहिरीवरच्या खेपा दुप्पट झाल्या.

गणपती गेले. सर उद्या येणार असे नक्की झाले. डॉक्टर सकाळीच हॉटेलात गेले, तर जानकीबाई गल्ल्याजवळ नव्हती. ती आत चुलीपाशी उभी होती आणि हात पदराखाली होते.

"रागावू नका, डाक्टर," ती म्हणाली.

"काय झालं?"

"ग्येलं."

"कोण गेलं?"

"इसब."

तिने हात बाहेर काढले. डॉक्टरांनी ते उलटे केले, सुलटे केले, उजेडाकडे नेले. भेग नव्हती. खपली नव्हती. कुठे थोडी कोरड होती, तीही मायेने पाहिले तरच दिसणारी. हात चांगले होते. नुसते चांगले नव्हते, तालुक्यात कोणाचे नसतील असे मऊ होते. डॉक्टरांच्या तोंडचे पाणी पळाले.

"काय लावलंत?"

"खोबरेल. तुमी सांगितलं त्येच. दुसरं काय लावलं आसंल तर माजी जीभ झडो." तिने आवाज खाली आणला. "डाक्टर, आत तर नाय ना ग्येलं? आमची सासू म्हनायची, इसब दाबलं का आत जातं आनी दमा व्हतो. म्हनून काल मी आंबेनळीचा चढ चढून बगितला. दम नाय लागला."

ते आत गेले आहे म्हणून सांगावे आणि बाहेर काढायच्या निमित्ताने पुन्हा सोड्यात हात घालायला लावावे, असा एक विचार डॉक्टरांच्या मनात आला. तो त्यांनी मोठ्या कष्टाने परतवला. पण पुरता परतला नाही.

"आत बित काही जात नसतं," ते म्हणाले. "पण जानकीबाई, आजचा एक दिवस... ग्लास घासाल का? जरा गरम पाण्यात?"

मागच्या दारातून धोंडूचे डोके आत आले. "घासू दे की. डाक्टर सांगतायत म्हनजे औषीदच त्ये."

जानकीबाई नवऱ्याकडे वळलीसुद्धा नाही. तिने आपले दोन्ही हात पुढे धरून पाहिले.

"डाक्टर, परवा येस्टीतली एक बाई वडा घ्यायला आली. तिनं पैसं माज्या हातात दिलं. फळीवर टाकलं नाय. हातात दिलं." तिने हात पुन्हा पदराखाली घेतले. "आता म्या त्ये परत नाय आनायची. तुमच्यासाटी बी नाय."

डॉक्टरांना आपली लाज वाटली. आपण कोण आणि काय मागत होतो, ते त्यांना तिच्या तोंडून कळले. "चुकलं माझं," असे पुटपुटून ते रस्ता ओलांडून परत आले आणि सवयीने मुरारीपुढे हात धरले.

लाज वाटली तरी उद्याचा दिवस काही टळत नव्हता. मुरारीने वाड्यावाड्यांत निरोप धाडला की ज्याला इसब असेल त्याने ताबडतोब यावे. पण अडचण अशी झाली की गल्ल्याजवळ बसून बसून जानकीबाईने येईल त्याला आपला सरकारी इलाज सांगितला होता. औषध बंद, साबण बंद, खोबरेल. मोठा डॉक्टर यायच्या आधी हे करावे लागते, सरकारचा हुकूम आहे, असेही तिने वर जोडले होते. ज्यांना ज्यांना इसब होते ते सगळे घरी तेल लावून बसले होते आणि आपले आता बरे आहे, यायची गरज नाही, असा उलट निरोप त्यांनी पाठवला.

राहिले ते आले. घामोळे आले, गोचीड चावलेले आले, खरजेचे एक अख्खे घर आले. सोमा म्हशीला घेऊन आला.

"कुठं खाज येते?" डॉक्टरांनी विचारले.

"मला नाय. हिला," सोमा म्हणाला. "पन इसबच हाय, बगा. सरकारला चालंल."

शेवटी एक जण आला, त्याच्या पोटरीवर गोल चट्टा होता. कडेला लाल, मधे निवळलेला. डॉक्टरांच्या मनात आशा फुलली आणि लगेच अंगावर काटा आला. हा चट्टा त्यांनी पाहिला होता. परीक्षेत. हे इसब म्हणून सरांपुढे ठेवायचे आणि सरांनी पुन्हा तोच शब्द उच्चारायचा, आणि या वेळी तालुका हसायचा. त्यांनी त्याला नायट्याचे मलम देऊन वाटेला लावले. त्या एका दिवसात त्यांनी जेवढे हात धुतले तेवढे एरवी आठवड्यात धुतले नसते. म्हशीनंतर तर मुरारीने न विचारताच साबण पुढे केला.

दुसऱ्या दिवशी जीप वेळेवर आली. कोपरकर सर उतरले, केस सगळे पांढरे, नजर मात्र तीच. त्यांनी यजमानाकडे पाहिले आणि बोट उचलले.

"तांबे. नायट्याचे तांबे."

"हो, सर," डॉक्टर म्हणाले.

जमलेले डॉक्टर बाकांवर बसले. महाडकडचे डॉक्टर सईद पहिल्या बाकावर वही उघडून तयार होते. सरांनी इसब म्हणजे काय ते थोडक्यात सांगितले, मग हात चोळत म्हणाले, "नुसतं बोलून कातडी कळत नाही. पेशंट आणा."

डॉक्टर तांबे तोंड उघडणार, तेवढ्यात जानकीबाई आत आली. तिला कोणी बोलावले नव्हते, पण येऊ नकोस असेही कोणी सांगितले नव्हते, आणि सरकारने तिला दोन महिने राखून ठेवले होते. लग्नातले हिरवे लुगडे नेसून ती आली, खुर्चीवर बसली आणि दोन्ही हात टेबलावर ठेवले.

सरांनी भिंग काढले. एक हात पाहिला, दुसरा पाहिला. मग तिच्या तोंडाकडे पाहिले.

"बाई, या हातांना काय झालंय?"

"कायच नाय."

"मग मला कशाला दाखवता?"

"व्हतं तवा तुमी दरडीच्या पल्याड व्हता," जानकीबाई म्हणाली.

आता लपवण्यात अर्थ नव्हता. डॉक्टर तांब्यांनी सगळे सांगितले. सर ऐकत राहिले.

"म्हणजे तुम्ही सगळी औषधं बंद केलीत?"

"हो, सर."

"सोडा आणि साबण बंद केलात? तेल दिलंत?"

"हो. पण औषध म्हणून नाही, सर. रोग टिकावा म्हणून."

बाकांवर हशा उसळला. सर हसले नाहीत. "हसू नका," ते म्हणाले. "गावोगाव मी हेच तर सांगत फिरतोय आणि कुणी ऐकत नाही. इसब दिसलं की आपण औषधावर औषध चढवतो. आधी कातडीला कशानं त्रास होतोय ते शोधा आणि ते थांबवा. मग तिला तेलकट ठेवा. एवढ्यानं भागलं नाही तर मलम आहेच. यांनी नेमकं तेच केलं." मग ते तांब्यांकडे वळले. "पण तांबे, तुम्ही ते चुकून केलंत. चुकून केलेल्याला शाबासकी देता येत नाही."

तो शब्द डॉक्टरांच्या अगदी जवळून निघून गेला.

"शिवाय माझी पंचाईत झालीच," सर पुढे म्हणाले. "बरे झालेले हात बघून हे लोक रोग कसा ओळखणार? निदान भेगा कुठे होत्या ते तरी दाखवू. बाईंचा हात जरा खिडकीकडे धरा. आणि ते मोजे काढा हो. इसब काही लागट नाही. मोजे घालून हात धरला की पेशंटला वाटतं आपल्याला वाळीत टाकलं."

"असू देत, सर," डॉक्टर म्हणाले.

"काढा म्हणतो ना."

डॉक्टरांनी मोजे काढले. ते सहज निघत नव्हते. जानकीबाईने एकदा त्यांच्या हातांकडे आणि एकदा आपल्या हातांकडे पाहिले आणि "अगो बाय," एवढेच म्हणाली.

कोपरकर सर मात्र पुढे झुकले. त्यांनी डॉक्टरांचा उजवा हात धरला, मग डावा. बोटांच्या बेचक्या पाहिल्या, मनगट पाहिले, बाह्या वर सारून कोपर पाहिले. गावजेवणात आवडते पक्वान्न पानात पडावे तसा त्यांचा चेहरा उजळला.

"वा," ते म्हणाले. "लाली आहे, भेगा आहेत, ओल आहे, खपल्या आहेत. एका हातावर सगळं. मुंबईत वॉर्डभर हिंडून मला हे मिळत नाही." त्यांनी तांब्यांच्या पाठीवर थाप मारली. "शाबास, तांबे. शाबास."

सगळ्या तालुक्यासमोर ते म्हणाले. अगदी स्वच्छ आणि दोनदा.

मग तांब्यांना जानकीबाईच्या खुर्चीवर बसवण्यात आले. जानकीबाई हौसेने बाजूला झाली आणि त्यांच्यामागे उभी राहिली. डॉक्टर एकेक करून आले, वाकले, भिंगातून पाहून गेले.

"सर, मला तर खरूज वाटते," डॉक्टर सईद म्हणाले. "बेचक्यांत आहे."

"वाटणारच. पण खरूज अशी रेघ आखून थांबते का? ही पाहा, कोपरापाशी संपली. कोपरापुढे कातडी निकोप. मग कोपरापर्यंत काय जातं, सांगा?"

डॉक्टर सईदांनी वहीची पाने उलटली.

"साबण," दारातून मुरारी म्हणाला. तो तांब्या घेऊन उभा होता, कारण तपासणी झाली की हात धुवायला पाणी लागते हे त्याला माहीत होते.

"अगदी बरोबर," सर म्हणाले. "बरं, आजवर यावर काय उपचार झाले?"

डॉक्टर तांबे खाली मान घालून म्हणाले, "खरजेचं पांढरं औषध. रोज."

"अरेरे. जळजळीवर जळजळ. कोणत्या गाढवानं दिलं?"

डॉक्टरांनी बाह्या खाली ओढल्या.

"बोला ना. लाजता कशाला? त्याचं नाव सांगा, त्यालाही शिकवायला हवं."

"साहेब स्वतःचं स्वतःच बघतात," मुरारी म्हणाला.

या वेळी मात्र कोपरकर सरही हसले. वॉर्ड हसला होता तसे नाही. भिंग खाली ठेवून, डोळे पुसत हसले, आणि मग तांबेही हसले, कारण दुसरे करण्यासारखे काही उरले नव्हते. हसता हसता त्यांना जाणवले की जुने हसणे आता तितकेसे बोचत नाही.

निघताना सरांनी एक मलमाची ट्यूब त्यांच्या खिशात टाकली. "हे थोडे दिवस. साबण बंद. हात धुवायचेच तर साध्या पाण्यानं, आणि लगेच पुसून तेल." जीपमध्ये पाय ठेवून ते थांबले. "तांबे, त्या बाईंचे हात चुकून का होईना, तुम्हीच बरे केलेत. आता मुद्दाम करत जा."

डॉक्टर बराच वेळ जीप गेली त्या रस्त्याकडे पाहत उभे होते. चुकून आणि मुद्दाम यांत अंतर आहे खरे, पण ते पार करता येते असे त्यांना पहिल्यांदाच वाटले.

दुसऱ्या दिवशी केंद्र उघडले तेव्हा टेबलावर खोबरेलाची बाटली होती आणि बाटलीशेजारी जानकीबाई होती. पहिला पेशंट उठला. डॉक्टरांचा हात साबणाकडे गेला.

"हात लावायचा नाय," जानकीबाई म्हणाली. "सरकारी काम हाय."

तिने लाल साबणाची वडी पदरात बांधली. डॉक्टर निमूटपणे तेल चोळू लागले. तेवढ्यात दारात धोंडू दिसला. त्याचे दोन्ही हात पाठीमागे होते आणि चेहऱ्यावर कधी नव्हे ते समाधान होते.

"डाक्टर, जरा बगा," तो म्हणाला आणि त्याने हात पुढे केले. मनगटापर्यंत लाल, बोटांवर बारीक भेगा. "गलास घासून घासून झालंय. म्हनून म्हटलं इचारावं. माजं बी आता जपून ठेवायचं ना?"

डॉक्टरांनी ते हात खिडकीकडे नेले. नीट पाहिले, मोजे न घालता. बेचक्या पाहिल्या, मनगटाशी संपलेली रेघ पाहिली, घरात आणखी कोणाला खाज आहे का ते विचारले.

"इसब आहे," ते म्हणाले, आणि या वेळी त्यांचा आवाज कापला नाही. "सोड्यात हात घालायचा नाही. खोबरेल लावायचं."

"ऐकलंस गो?" धोंडू बायकोला म्हणाला.

जानकीबाईने नवऱ्याचे हात पाहिले. मग डॉक्टरांचे पाहिले, मग आपले. "मंग गलास कोन घासनार?"

डॉक्टरांनी विचार केला. धोंडूने विचार केला. मग तिघांनीही वळून मुरारीकडे पाहिले. साबण बंद झाल्यापासून त्याला तसे काम उरले नव्हते.

मुरारीने तांब्या हळूच खाली ठेवला आणि दोन्ही हात खिशात घातले.